‘पेशन्स’ नावेवरचा डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे. डबा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पोळी-भाजी आणि लोणच्याची फोड येते. ती कृपा करून बाजूला ठेवा. मी संडासाचा डबा. नावेखालून गटार जात नाही. त्यामुळे घरात साखळी ओढली की जे नाहीसं होतं, ते नावेवर माझ्याकडे येतं आणि कोणीतरी हातानं उचलून नेईपर्यंत माझ्याकडेच राहतं.

इंग्लंडच्या कालव्यांवर हजारो माणसं बारा महिने नावेत राहतात आणि त्यांतल्या बहुतेकांकडे माझा एखादा भाऊबंद आहे. तरी आमच्यावर कोणी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तक्रार नाही, नुसतं सांगितलं.

माझा जन्म साच्यातला. करडं प्लास्टिक, पोटात वीस लिटर जागा, बाजूला फिरणारी तोटी, वर रबराचं कडं असलेलं झाकण आणि खाली दोन चाकं. चाकं नावापुरतीच आहेत. ती फरशीवर चालतात, आणि कालव्याकाठी फरशी नसते, चिखल असतो.

नावांच्या सामानाच्या दुकानात मी फळीवर बसलो होतो, तेव्हा नॉर्मन आणि ऑड्री हॅडलो आत आले. तीस वर्षं बस चालवून नॉर्मन निवृत्त झाला होता. घर विकून दोघांनी पन्नास फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक लोखंडी नाव घेतली होती. नावेचं नाव ‘पेशन्स’, म्हणजे धीर. नॉर्मनकडे तेवढा सोडून बाकी सगळं होतं.

“एक पुरेल,” तो दुकानदाराकडे न बघता म्हणाला.

“दोन द्या,” ऑड्री म्हणाली. “एक भरल्यावर पोटाला काय सांगायचं, थांब म्हणून?”

“हळू बोल.”

“का? यांना पोट नाही?”

दुकानदारानं दोन दिले. दुसरा माझा जुळा भाऊ. पण आमची गाठ क्वचितच पडायची. एक आत कामावर, तर दुसरा मागच्या डेकवर पालथा. नोकरीच तशी होती.

माणसांबद्दल मला जे कळलं, ते काठच्या पायवाटेवर कळलं. डबा रिता करायची एक विटांची खोली असते, पुलापाशी नाहीतर लॉकपाशी, म्हणजे नावा चढवा-उतरवायच्या पाण्याच्या दरवाजांपाशी. तिथवर माणूस मला घेऊन चालत जातो. समोरून दुसरा येतो. दोघं एकमेकांना चांगले ओळखत असतात. काल संध्याकाळी एका बाकावर बसून बिअर प्यायलेले असतात. पण हातात डबा असला की समोरचा माणूस आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, “गारठा आहे.” डबेवाला म्हणतो, “आहे खरा.” जुलै महिन्यातही मी हे ऐकलंय.

ऑड्रीला हे जमत नसे. ती मला कडीला धरून झोके देत चालायची आणि ज्याला त्याला थांबवून नातवंडांची चौकशी करायची. नॉर्मन मागे दहा पावलं अंतर ठेवून यायचा, जणू ही बाई कोण हे त्याला ठाऊकच नाही.

पाचव्या वर्षी, मार्चमध्ये ऑड्री गेली. तीन महिने आजारी होती. मला कोणी येऊन सांगितलं नाही. पण दोघं असताना मी चार दिवसांत भरायचो. त्या मार्चनंतर आठ लागायला लागले. मला तेवढं पुरलं.

लेस्टरला त्यांची मुलगी असते, हेदर. तिनं बापाला तिकडे बोलावलं. नॉर्मन म्हणाला, “बघू.” आणि तो नावेवरच राहिला. उन्हाळ्यात इकडून तिकडे फिरायचा; नोव्हेंबर लागला की ऑक्सफर्डच्या कालव्यावर एका दगडी पुलाजवळ नाव बांधायचा, ती थेट मार्चपर्यंत. तिथे दुपारचं थोडं ऊन मिळतं आणि रस्ता जवळ आहे.

ही दोन कारणं ग्लेनिस पार्फिटलाही माहीत होती. तिची नाव ‘डोरकस’, आमच्या पुढेच बांधलेली. ग्लेनिस सत्तरीला टेकलेली, एकटी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई. तिनं एकोणतीस वर्षं खेड्यांतून टपाल वाटलेलं.

तिच्यात आणि नॉर्मनमध्ये विस्तव जात नव्हता. कारण बर्फ.

झालं असं होतं, की मी सांगतोय त्याच्या आदल्या हिवाळ्यात कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि नॉर्मनच्या टाकीतलं पाणी संपलं. नळ पुलापलीकडे. तो नाव सोडून निघाला. आता, बर्फातून जाणारी नाव फक्त स्वतःपुरता बर्फ फोडत नाही. काचेसारखे त्याचे तुकडे दोन्ही बाजूंना सरकतात आणि काठच्या नावांचा रंग तासून काढतात. ग्लेनिसनं त्याआधीच्याच उन्हाळ्यात नाव पाण्याबाहेर काढून, उताणी पडून, तिच्या पोटाला स्वतःच्या हातानं तीन हात काळा रंग दिला होता.

ती ड्रेसिंग गाउनवरच बाहेर आली. “हॅडलो! डोळे आहेत का फुटले?”

“पाणी संपलं होतं.”

“मग माझ्याकडे मागायचं! दोन बादल्या पाण्यासाठी माझी नाव सोलून काढलीत?”

“सगळा रंग काही गेला नाही,” नॉर्मन म्हणाला.

हे वाक्य त्यानं गिळायला हवं होतं. त्यानंतर वर्ष उलटून गेलं तरी दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पण जागा सोडायला कोणीच तयार नव्हतं, त्यामुळे मधे वीस फूट पाणी ठेवून दोघांचा अबोला सुरळीत चालू होता.

दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता नॉर्मन मला हातगाडीवर ठेवून ‘डोरकस’वरून जायचा. दर गुरुवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना ग्लेनिस खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. हा माणूस नजरेला नको म्हणून. पण पडदा वेळेवर ओढायचा, तर माणूस कधी येणार ते पक्कं ठाऊक असावं लागतं.

जानेवारीत कालवा गोठला. पापुद्रा नव्हे, चांगला चार बोटं जाड. बदकं त्यावरून चालायला लागली आणि चालताना फार नाराज दिसायची. कोळसा विकायला येणारी नाव दोन लॉक अलीकडे अडकून पडली. माझा भाऊ पहिल्याच आठवड्यात फुटला. धुतल्यावर त्याच्या पोटात तळाला थोडं पाणी राहिलं होतं. नॉर्मननं त्याच्याकडे पाहिलं, “अरे देवा” म्हणाला आणि त्याला कचऱ्यात नेऊन टाकलं. अशा रीतीनं सगळी जबाबदारी माझ्यावर आली.

नॉर्मनला आधी नुसता खोकला होता. सोमवारी तो कोळशाची गोणी आणायला छपरावर चढला, तेव्हा खोकला खाली उतरला तो छातीत. मंगळवारी ताप आला. बुधवारी त्यानं शेगडीत कोळसा घातला नाही. रविवारी हेदरचा फोन आला होता. तिला त्यानं “ठणठणीत आहे” म्हणून सांगितलं होतं. हिवाळ्याआधीच तिनं बजावलं होतं, की यंदा काही झालं तर नाव विकायची आणि लेस्टरला यायचं, मग ‘बघू’ चालणार नाही. त्यामुळे तो कोणालाच काही सांगत नव्हता.

गुरुवारी सकाळी मी भरल्याचा लाल दिवा लागला. भरलो, म्हणजे भरलो. त्यात मला काही करता येत नाही. नॉर्मन उठला. कोट घातला, टोपी घातली, मला ओढून बाहेर काढलं आणि मागच्या दाराच्या पायऱ्यांपर्यंत कसंबसं आणलं. तिथे त्याचा श्वास संपला. त्याला बसायला काही हवं होतं. जवळ मीच होतो.

तो माझ्यावर बसला. बराच वेळ बसला. आतली हवा इतकी गार, की त्याच्या श्वासाचा धूर दिसायचा. मग तो धूरही जरा जरा कमी दिसायला लागला.

तिकडे काय चाललं होतं ते ग्लेनिसनं नंतर सांगितलं. तिनं वेळेवर पडदा ओढला. नऊ वाजून गेले. हातगाडीचं चाक कुरकुरलं नाही. तिनं पडदा उघडून पाहिलं, पुन्हा ओढला. सव्वानऊला पुन्हा उघडला. टपाल वाटणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते: काल टाकलेलं पत्र आज दारात तसंच दिसलं, की घंटा वाजवायची. साडेनऊला ती बूट घालून आली आणि तिनं आमच्या छपरावर मूठ आपटली.

“हॅडलो! आज गुरुवार आहे.”

“माहीत आहे,” नॉर्मन म्हणाला. आवाज फार लांबून यावा तसा आला.

“नऊ वाजून गेले.”

“घड्याळ आहे माझ्याकडे.”

“मग डबा?”

“आहे.”

“कुठे आहे?”

नॉर्मननं थोडा विचार केला. “मी त्याच्यावर बसलोय.”

“का?”

“उठता येत नाही म्हणून.”

“कडी काढा.”

“हात पोचत नाही.”

तिनं लॉकचे दरवाजे उघडायची लोखंडी किल्ली आणली आणि बाजूच्या झडपेच्या फटीत घातली. ते ऐकल्यावर नॉर्मनमध्ये थोडा जीव आला. “अहो, रंग जाईल तिथला!”

“सगळा नाही जाणार,” ग्लेनिस म्हणाली. मला वाटतं, हे बोलताना तिला बरं वाटलं असावं.

झडप उघडली. ती दोन फुटांची. ग्लेनिस डोकं आणि एक खांदा आत घालून मध्येच अडकली, कोणाला उद्देशून ते कळलं नाही पण एक शिवी दिली, आणि मग धान्याचं पोतं पडावं तशी स्वयंपाकाच्या ओट्यावर आली. उठून तिनं नॉर्मनच्या कपाळाला हात लावला. एक सबंध वर्ष न बोललेल्या माणसाच्या कपाळाला हात लावताना ती जरासुद्धा थबकली नाही. मग तिनं फोन काढला.

“रुग्णवाहिका नको,” नॉर्मन म्हणाला. “हेदरला कळेल.”

“कळू दे.”

“ती नाव विकेल.”

“मेलात तरी विकेलच. थोबाड बंद ठेवा, श्वास वाचवा.”

पलंगावरची सगळी पांघरुणं तिनं त्याच्याभोवती गुंडाळली, शेगडी पेटवली आणि रुग्णवाहिकेचे लोक येईपर्यंत पायरीवर त्याच्या शेजारी बसली. त्यांना पायवाटेवरून खुर्ची आणायला पाऊण तास लागला. नॉर्मनला खुर्चीत बांधलं, तेव्हा त्यानं तिची बाही धरली.

“डबा,” तो म्हणाला. “भरलाय.”

“दिसतंय.”

“हात लावू नका. मी आल्यावर बघतो.”

“कधी येणार?”

त्याला दारातून बाहेर काढलं. आपल्याला उचलून नेताहेत याची त्याला लाज वाटत नव्हती. मान वळवून वळवून तो माझ्याकडेच बघत होता.

ग्लेनिसनं अर्धा तास जाऊ दिला. मग रबरी हातमोजे चढवले आणि मला हातगाडीवर ठेवलं.

पायवाट काचेसारखी झाली होती. अर्धा मैल. समोरून एक ओळखीचा नाववाला आला. त्यानं रिवाजाप्रमाणे आभाळाकडे पाहिलं, “गारठा आहे” म्हणाला, आणि मग त्याची नजर घसरून माझ्यावर आली.

“ग्लेनिस, तुझा डबा निळा होता ना?”

“हा हॅडलोंचा.”

तो माणूस वाट सोडून बाजूला झाला. कालव्यावर लोक एकमेकांना कोळसा देतात, डिझेल देतात, अडकलेली नाव ओढून देतात. पण दुसऱ्याचा डबा कोणी रिता करत नाही. तो नवराबायकोमधला विषय. दुपारपर्यंत ही बातमी तीन पुलांपलीकडे पोचली होती.

खोलीतला नळ गोठलेला. ग्लेनिसनं थर्मासमधून गरम पाणी आणलं होतं. मला तिनं तीनदा धुतलं, पालथं केलं, झाकणाचं रबर बोटानं फिरवून पाहिलं. “माणूस कुजका आहे,” ती म्हणाली, “पण डबा नीट ठेवलाय.” ही माझ्या आयुष्यातली एकमेव स्तुती. जशीच्या तशी सांगितली.

न्यूमोनिया होता, आणि खोकून खोकून एक बरगडीही तडकली होती. नॉर्मन बारा दिवस इस्पितळात होता. ते बारा दिवस ग्लेनिस सकाळ-संध्याकाळ येऊन आमची शेगडी पेटती ठेवत होती, नाहीतर नळ्या फुटल्या असत्या. कोळसा स्वतःचा घालायची. बाकी कशाला हात लावायची नाही. फक्त नॉर्मनच्या कपाटातल्या बश्या उंचीप्रमाणे नीट लावून ठेवल्या, एवढंच.

शनिवारी हेदर आली. पंचेचाळिशीची, बापासारखंच नाक, पायांत शहरी बूट. डेकवर उभी राहून म्हणाली, “मी त्यांचे कपडे न्यायला आलेय. नावेचं गिऱ्हाईक बघायला सांगितलंय.”

“बरं,” ग्लेनिस म्हणाली.

“तुम्हाला क्रूर वाटेल.”

“मला काही वाटत नाही.”

“इथे कोण आहे त्यांना? बाबाच सांगतात, शेजारी एक बाई आहे, ती बोलतसुद्धा नाही.”

“ती मीच.”

हेदर ओशाळली. “मग तुम्हाला कळलं कसं?”

“बोलत नाही, पण बघते,” ग्लेनिस म्हणाली. मग जरा थांबून, “तिकडे कुठे ठेवणार त्यांना?”

“छान जागा आहे. गरम पाणी, खाली दुकान, तिसरा मजला.”

“दार बंद असणार?”

“म्हणजे? असणारच.”

“दार बंद असलं की आतलं कोणाला कळणार, ते विचारते.”

हेदर मागच्या पायरीवर बसली, अगदी त्याच पायरीवर, आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागली. “आई गेली तेव्हा त्यांनी मला दोन ओळींचा मेसेज पाठवला होता,” ती म्हणाली. “पुढची बातमीसुद्धा तशीच येईल, याची मला रोज भीती वाटते. रोज.”

ग्लेनिसनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “दर गुरुवारी बघते मी.”

“आठवड्यातून एकदा? ते पुरत नाही हो.” हेदरनं नाक पुसलं. “आणि आता डॉक्टर म्हणतात, दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही. डबा उचलता येत नसेल तर नावेवर राहणार कसे?”

हा प्रश्न रास्त होता. मी शेजारीच होतो, रिकामा आणि निरुपाय.

नॉर्मन परत आला तो सामान बांधायला म्हणून. बर्फ तोवर वितळला होता. शेगडीजवळ तो, हेदर आणि ग्लेनिस असे तिघं बसले. अंगावरचा कोट त्याला दोन माप मोठा दिसत होता.

“डबा मी नेईन,” ग्लेनिस म्हणाली.

“मरेन, पण ते होणार नाही.”

“ते मागच्या महिन्यात करून बघितलंत.”

नॉर्मनचं तोंड लाल झालं. “बाई, तुम्ही एकदा नेलात. मी इस्पितळात झोपू शकलो नाही.”

ग्लेनिसनं मला पायानं जरासं ढकललं. “भरल्यावर याचं वजन वीस किलो. अर्धा भरला की न्या ना. सगळा भरायची वाट बघा असं कुठे लिहिलंय?”

नॉर्मननं विचार केला. “दुप्पट खेपा होतील.”

“होतील.”

“म्हणजे दर चार दिवसांनी,” हेदर सावकाश म्हणाली.

“नको, दर तीन,” ग्लेनिस म्हणाली. “नऊ वाजता. दहा मिनिटं उशीर झाला की मी झडप उचकटणार. तिथला रंग तसाही गेलाच आहे.”

हेदरनं बापाकडे पाहिलं. मला वाटलं आता हा ‘बघू’ म्हणणार. तो म्हणाला, “नऊ वाजता म्हणजे नऊ वाजता.” हेदरनं गिऱ्हाईक बघणाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, पण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बोलू, हेही बापाला बजावलं. दर हिवाळ्यात बोलतात. त्याला आता सहा हिवाळे झाले.

या सहा वर्षांत मी कधी अर्ध्याच्या वर भरलो नाही. कामचुकारपणा वाटेल, पण हुकूमच तसा होता.

आता माझं वय झालंय. झाकणाचं रबर फाटलं. त्या मापाचं रबर आता मिळत नाही. नॉर्मननं तीन दुकानांत विचारलं. आज सकाळी त्यानं मला कचऱ्याच्या पिंपापाशी आणून ठेवलं. नवा डबा नावेत आलाय, पांढरा, तोंडावर अजून किमतीची चिठ्ठी. ग्लेनिस सोबत आली होती. नॉर्मन मला ठेवून परत फिरेना.

“चला आता,” ती म्हणाली. “डब्याचा काय निरोप घेताय?”

“ऑड्री आजारी होती ना,” नॉर्मन म्हणाला, “ते तीन महिने मी याला रोज न्यायचो. दोनदासुद्धा.”

“रोज भरायचा?”

“छे. रिकामाच असायचा. तिच्यासमोर रडता यायचं नाही. घराबाहेर पडायला काही कारण लागतं माणसाला. डबा घेऊन निघालेल्याला कोणी थांबवत नाही, तोंडाकडे बघत नाही. त्या खोलीत कडी लावून बसायचो पाच मिनिटं. मग धुतल्यासारखं करून परत.”

ग्लेनिसनं त्याच्या कोपराखाली हात घातला आणि दोघं पायवाटेनं परत गेले, तिच्या पावलानं.

मला हे सगळं माहीत होतं. त्या खोलीत मी त्याच्या पायांपाशीच असायचो. पण कधी कोणाला बोललो नाही. आत आलेलं आत ठेवायचं, एवढंच डब्याचं काम, आणि ते मी बारा वर्षं चोख केलं. आजही बोललो नसतो. पण झाकण आता बसत नाही.